मित्सुको आणि आपलं नाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा धंदा मसाल्याचा. काळं तिखट, धणे, हळकुंड, खडा मसाला. दिवसभर हाताला मिरचीचा वास असतो, आणि तरीही गिऱ्हाईक पैसे देताना मध्येच थांबून विचारतं, "शेठ, हे काय लावलंय?" मी नाव सांगितलं की पुढे आणखी सहा प्रश्न येतात. सोलापुरात अत्तराचे शौकीन कमी नाहीत, पण फ्रेंच जुन्या परफ्यूमबद्दल बोलायला बसलं की सगळ्यांची गाडी त्याच त्याच ठिकाणी अडते. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी परफ्यूम बनवणारा नाही, विकणाराही नाही. एका बाटलीशी साडेचार वर्षं झगडलोय, एवढाच माझा अधिकार.

मित्सुको म्हणजे नक्की काय?

पॅरिसच्या गेर्लँ या घराण्याचा परफ्यूम. घराणं 1828 चं, मित्सुको 1919 चा. बनवणारे झाक गेर्लँ, म्हणजे त्या घरातली तिसरी पिढी. यांनीच पुढे 1925 मध्ये शालिमार केला, जो आपल्याकडे नावामुळे जास्त लोकांना माहीत असतो. मित्सुको हे नाव एका फ्रेंच कादंबरीतल्या जपानी नायिकेचं. त्या काळात पॅरिसला जपानचं वेड होतं. परफ्यूममध्ये जपानी असं काही शोधू नका, सापडणार नाही.

बाटलीचं झाकण पत्त्यातल्या बदामासारखं, पण उलटं, आतून पोकळ. हीच बाटली त्यांनी 1912 च्या एका परफ्यूमसाठी आधी वापरली होती. नवा परफ्यूम, जुनी बाटली. काटकसर आपल्यालाच जमते असं नाही.

पहिल्यांदा वास घेतला तर जुन्या ट्रंकेसारखा आला. माझं नाक बिघडलंय का?

नाही. मलाही तसाच आला.

मी पाच मिलिची छोटी कुपी मागवली होती, ज्याला डिकँट म्हणतात, मोठ्या बाटलीतून काढून दिलेली. मे महिना. पार्सलवाला दुपारी दोनला दुकानाच्या पायरीवर टाकून गेला आणि मी जेवून येईपर्यंत ते ऊन खात पडलं होतं. आल्या आल्या फोडलं आणि दोन्ही मनगटांवर मारलं. आधी लिंबाच्या सालीचा कडवट झटका. पाच मिनिटांत तो गेला आणि खालून जे वर आलं ते म्हणजे बंद खोली, ओलं लाकूड, आजीच्या ट्रंकेतलं लुगडं आणि त्यावर काहीतरी औषधी. शेजारच्या दुकानातला माझा मित्र गल्ल्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काय बे, औषध सांडलंय का अंगावर?" संध्याकाळी घरी गेलो तर सौ. म्हणाल्या, "अहो, आधी आंघोळ करा."

कुपी गल्ल्याखालच्या खणात गेली आणि श्रावणापर्यंत तिथेच राहिली.

आता मागे वळून बघितलं तर त्या दिवशी मी सगळ्या चुका एकदम केल्या होत्या. भर उन्हाळा, तापलेली कुपी, दोन्ही हातांवर भरपूर, आणि भोवती मिरचीचं दुकान. असल्या परीक्षेत कुठलाच परफ्यूम पास होत नाही.

मग तो आवडायला किती दिवस लागतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. मला दीड वर्ष लागलं. माझ्या पुतणीला एक रविवार लागला. एका मित्राला तीन वर्षांनीही आवडत नाही आणि तो भला माणूस आहे.

मुळात काय होतं ते सांगतो. आपल्या नाकात वास पकडणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. कुठला वास कुठल्या ग्राहकांना एकत्र जागं करतो, त्या नमुन्यावरून मेंदू ओळख पटवतो. ओळखीचा नमुना असला की चटकन नाव सापडतं: मोगरा, रॉकेल, ओली माती. अनोळखी नमुना आला की मेंदू सगळ्यात जवळचं जे सापडेल ते नाव चिकटवतो. म्हणून ट्रंक. म्हणून औषध. मित्सुकोत पन्नास गोष्टी एकात एक विणलेल्या आहेत. पहिल्या दिवशी आपण त्यातल्या दोन ओळखतो आणि उरलेल्या अठ्ठेचाळीसना मिळून "जुनाट" म्हणतो.

मग एकेक गोष्ट वेगळी कळायला लागते. ती कळली की पुढच्या वेळी नाक आधी तिथे जातं आणि तिथून पुढचं शोधतं. सवयीने आवड वाढते हे खरंच, पण नुसती सवय म्हणाल तर मी म्हणेन अर्धंच बोललात. नुसत्या सवयीने गटाराचा वास आवडायला लागत नाही, तो फक्त जाणवेनासा होतो. इथे उलट होतं. दर वेळी जास्त जाणवतं.

तुम्हाला नेमकं कधी कळलं?

दगडफूल भाजताना.

मार्च महिना, काळ्या तिखटाचा हंगाम. एका बाईंची पाच किलोची ऑर्डर होती, आणि त्या म्हणाल्या होत्या की मसाला तेलात तळून द्या, कोरडा नको. सकाळी निघताना मी मित्सुकोचा एक फवारा डाव्या मनगटावर मारला होता, केवळ कुपी संपवायची म्हणून. अकराच्या सुमारास कढईत शेंगतेल तापवलं आणि मूठभर दगडफूल सोडलं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे: कच्च्या दगडफुलाला फारसा वास नसतो, हातात घेतलं तर वाळलेल्या पापुद्र्यासारखं लागतं. तेलात पडलं की ते एका क्षणात आकसतं, कडा काळ्या होतात, आणि मग तो वास उठतो. माती, धूर, जुनं लाकूड, किंचित खारट. मी झारा फिरवायला डावा हात पुढे केला आणि मनगट नाकाजवळून गेलं.

एकच वास होता. कढईतला आणि हातावरचा. तंतोतंत नव्हे, पण सख्खे भाऊ कळतातच की.

झारा तसाच धरून उभा राहिलो आणि दगडफुलाचा पहिला घाणा जळाला. बाईंना सांगितलं नाही, नवीन टाकून दिलं.

दगडफुलाचा आणि फ्रेंच परफ्यूमचा काय संबंध?

थेट संबंध आहे. मित्सुकोच्या तळाशी जे आहे त्याला ओकमॉस म्हणतात. युरोपात ओक नावाच्या झाडाच्या फांद्यांवर ते वाढतं, बाल्कन देशांतून बरंच गोळा होतं. नावात मॉस आहे पण ते मॉस नाही. आपल्या दगडफुलाच्या नावात फूल आहे पण ते फूल नाही. दोन्ही शैवाकं आहेत, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शास्त्रीय नावं वेगळी: ओकमॉसचं एव्हर्निया प्रुनास्ट्री, दगडफुलाचं पार्मोट्रेमा पर्लेटम. आपल्या बाजारात दगडफूल म्हणून जे येतं त्यात इतर जातीही मिसळलेल्या असतात, पण कूळ एकच.

आणखी एक साम्य मला फार आवडतं. ओकमॉससुद्धा झाडावरून काढल्या काढल्या फारसा वास देत नाही. ते ओलसर करून काही काळ ठेवतात, मग आतली द्रव्यं फुटून वासाचे रेणू तयार होतात, आणि त्यानंतर अर्क काढतात. आपण ते काम तेल आणि आच लावून मिनिटात उरकतो.

म्हणजे बघा, सोलापूरच्या कुठल्याही घरात काळं तिखट खाऊन मोठं झालेलं नाक ओकमॉसला आधीपासून ओळखतं. फक्त ते आमटीत ओळखतं. मनगटावर भेटलं की परकं वाटतं.

शीप्र, शीप्र म्हणतात ते काय?

फ्रेंच भाषेत सायप्रस बेटाला शीप्र म्हणतात. 1917 मध्ये फ्रान्स्वा कोती याने याच नावाचा परफ्यूम काढला आणि तो इतका गाजला की त्या घडणीच्या सगळ्या परफ्यूमना शीप्र म्हणायला लागले. घडण अशी: वर बर्गमॉट, जे इटलीच्या दक्षिण टोकाला पिकणारं लिंबाच्या जातीचं फळ आहे (अर्ल ग्रे चहाला त्याचाच वास असतो), खाली ओकमॉस आणि लॅबडॅनम नावाचा एका झुडपाचा चिकट डिंक, मध्ये फुलं. वर आंबट-कडू, खाली मातकट-गोड, आणि दोघांची ओढाताण दिवसभर चालू. मित्सुको दोन वर्षांनी आला आणि त्यात झाक गेर्लँ यांनी पीच टाकलं.

पीच कुठे आहे? मला तर फळ अजिबात सापडत नाही.

कारण तुम्ही ताजं, रसाळ फळ शोधताय. हे सालीजवळचं, लव असलेलं, थोडं साईसारखं पीच आहे. आपल्याकडे पीच फारसं येत नाही, त्यामुळे आठवणीतही नसतं. त्याऐवजी हे करा: दोन-तीन जर्दाळू रात्री पाण्यात भिजत घाला आणि सकाळी त्या वाटीत नाक घाला. मग मित्सुको लावून अर्ध्या तासाने मनगट हुंगा. मिळेल.

हा वास ज्या द्रव्याचा आहे ते 1908 मध्ये प्रयोगशाळेत सापडलं. धंद्यात त्याला अल्डिहाइड सी-14 म्हणतात. गंमत म्हणजे ते अल्डिहाइडही नाही आणि त्यात चौदा कार्बनही नाहीत. तो अकरा कार्बनचा लॅक्टोन आहे. मसाल्याच्या बाजारात आम्ही कलमी दालचिनी म्हणून काय काय विकलेलं बघितलंय, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

परफ्यूममध्ये मुळात घाणेरडे वाटणारे वास घालतातच कशाला?

हिंगाचा डबा उघडा आणि हुंगा. आता वरणाला हिंगाची फोडणी द्या आणि पुन्हा हुंगा. उत्तर मिळालं.

फुलांचंही तसंच. मोगऱ्याचा गजरा रात्री उशाशी ठेवला की पहाटे त्याला एक जडसर, जवळजवळ गोठ्याकडे झुकणारा वास येतो. त्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं. तेच विष्ठेतही असतं. चमेलीत आणि मोगऱ्यात ते मुळातच असतं आणि त्याच्याशिवाय त्या फुलांचा वास साबणासारखा सपाट होतो. मित्सुकोत चमेली आहे, गुलाब आहे, दालचिनी-लवंगेच्या अंगाचं काहीतरी आहे, आणि वाळासुद्धा आहे. हो, आपला माठात टाकतो तोच वाळा. युरोपात त्याला व्हेटिव्हर म्हणतात आणि तो शब्द तमिळमधून गेलेला आहे.

सोलापूरच्या उन्हात असा परफ्यूम लावावा का?

मार्च ते मे, नको. लावायचाच असेल तर रात्री आंघोळीनंतर, झोपताना, स्वतःसाठी.

कारण साधं आहे. वास म्हणजे हवेत उडालेले रेणू. पारा 43 वर असला की हलके रेणू झपाट्याने उडून जातात. वरची बर्गमॉट जी वीस मिनिटं टिकायची ती पाचात संपते, मधली फुलं घाईघाईने येऊन जातात, आणि दुपारभर नुसता तळ अंगावर राहतो. त्यात आपली हवा कोरडी. नाकाच्या आतली ओल कमी झाली की वासही कमी पकडला जातो. म्हणजे परफ्यूम पळतोय आणि नाक झोपलंय.

पावसाळा याच्या उलट. आपल्याकडे पाऊस तसा बेताचाच, पण आषाढ-श्रावणात हवेत ओल असते तेव्हा मित्सुको फार सुंदर उलगडतो. कुपी मी श्रावणात पुन्हा काढली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे, हे मे महिन्यातलं नव्हे. बाहेर नुकती सर पडून गेली होती, रस्त्याचा ओला वास आणि हातावरचा वास एकमेकांना ओळखत होते.

आणि थंडी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाताना लावून बघा. थंडीत तो हळू चालतो. नवीन माणसाने शिकायला हाच हंगाम घ्यावा असं माझं मत आहे. तेव्हा बाहेर धूर, उसाचा रस, भज्यांचं तेल असं सगळं असतं, पण मोकळ्या हवेत ते एकमेकांच्या अंगावर येत नाही.

किती लावायचा, कुठे?

शिकताना एक फवारा, एका मनगटावर. बस्स. अत्तराचा फाया कानात ठेवायची सवय असलेल्यांना हे कमी वाटतं. वाटू द्या.

मनगटं एकमेकांवर घासू नका असं सगळे सांगतात आणि कारण देतात की रेणू तुटतात. रेणू असे तुटत नाहीत, नाहीतर मी वरवंट्याने वेलदोडा वाटला असता तेव्हा वास संपला असता. घासल्याने कातडी गरम होते आणि वरचा हलका वास लवकर उडतो, एवढंच. शिकायचं असेल तर तोच भाग हवा असतो, म्हणून घासू नका.

अर्ध्या तासाने मला वास येतच नाही. उडून गेला का?

बहुतेक वेळा नाही. तुमचं नाक त्याला सरावलं. माझ्या दुकानात पाऊल टाकलं की तुम्ही शिंकता, मला मिरची जाणवतसुद्धा नाही, तोच प्रकार. दुसऱ्या कुणाला विचारा, किंवा दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या आणि मग मनगट हुंगा.

सतत नाकाला लावून बसू नका. लावल्यावर लगेच, मग दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, आणि रात्री झोपताना शर्टाच्या बाहीवर. एवढ्या पाच भेटी पुरतात.

कॉफीचे दाणे हुंगल्याने नाक ताजं होतं का?

दुकानदारांची पद्धत आहे. साध्या हवेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होत नाही. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावा, तिथे परफ्यूम नसेल तर तो तुमचाच वास असतो आणि नाक त्यावर येऊन थांबतं.

वही ठेवावी का?

मी ठेवतो. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर. गिऱ्हाइकाने चुकून वाचली तर वेड्यात काढेल अशी आहे. उदाहरणादाखल तीन नोंदी:

"मे. ट्रंक. औषध. पैसे वाया."

"श्रावण, दुसरा सोमवार, पाऊस. आधी कडू साल. मग काहीतरी गुळगुळीत, फळ? नक्की नाही. रात्री बाहीला ओल्या भिंतीचा वास, पण चांगल्या घराच्या."

"मार्च. दगडफूल!!! (घाणा जळाला, 80 रु. तोटा.)"

चांगलं-वाईट लिहू नका, काय आठवलं ते लिहा. वासाचा रस्ता मेंदूत आठवणी आणि भावनांच्या जागांजवळून जातो, त्यामुळे शब्द सुचायच्या आधी प्रसंग सुचतो. तो प्रसंगच लिहायचा. "मामाच्या वाड्यातली बळद" ही नोंद "मातकट, मध्यम" या नोंदीपेक्षा दहापट उपयोगाची.

घरचे म्हणतात हा म्हाताऱ्या बायकांचा वास आहे.

ज्या काळात तो आला त्या काळच्या तरुण बायका म्हाताऱ्या झाल्या, त्यात परफ्यूमचा काय दोष? आज आपण जे लावतो त्यात साखर, व्हॅनिला आणि धुतलेल्या कपड्यांचा वास भरपूर असतो, म्हणून ओकमॉसवाला परफ्यूम जुना वाटतो. वीस वर्षांनी आजचे वास कुणाच्यातरी मावशीचे होतील.

पुरुषांनी लावला तर चालतो?

मी लावतो. रशियन बॅलेचा कर्ताधर्ता सर्गेई दियागिलेव हाही लावायचा. आपल्या अत्तरवाल्याने कधी विचारलंय का की हिना बाईसाठी हवा की बुवासाठी?

आत्ताचा मित्सुको आणि जुना मित्सुको यात फरक आहे का?

आहे. ओकमॉसमध्ये ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल अशी दोन द्रव्यं असतात ज्यांनी काही लोकांच्या कातडीला ॲलर्जी होते. म्हणून परफ्यूम धंद्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ओकमॉसच्या प्रमाणावर मर्यादा घातली, आणि पुढे युरोपीय संघाने 2017 च्या नियमाने ही दोन द्रव्यंच बंद केली. 2019 च्या ऑगस्टपासून अशी नवी बाटली बाजारात आणता येईना आणि 2021 च्या ऑगस्टपासून विकताही येईना. आता ती द्रव्यं काढून टाकलेलं ओकमॉस वापरतात, किंवा एव्हरनिलसारखं प्रयोगशाळेतलं द्रव्य.

जुन्या बाटलीचे भक्त यावर गळा काढतात. मी एकदा पुण्यात एका ओळखीच्यांकडे जुन्या बाटलीतला थेंब हुंगलाय. तळ जास्त काळा आणि खोल होता हे खरं. पण वरची बर्गमॉट म्हातारी होऊन तिला नेलपॉलिशसारखा वास सुटला होता, आणि त्याला "काय ती खोली!" म्हणणं मला जमलं नाही. आजची बाटली घ्या, तिच्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. कातडी नाजूक असेल तर आधी कोपराच्या आत एक थेंब लावून दिवसभर थांबा.

कुठे मिळतो? स्वस्तात मिळाला तर घ्यावा का?

आधी डिकँट घ्या, दोन किंवा पाच मिलिची. पूर्ण बाटली हजारो रुपयांची असते आणि न आवडणाऱ्या वस्तूवर एवढे पैसे टाकायला मी कुणाला सांगणार नाही. डिकँट विकणाऱ्यांच्या बाबतीत ओळखीतून जा. मी एकदा निम्म्या किमतीच्या मोहात पडलो आणि जे आलं ते लिंबू सरबत आणि स्पिरिट. पैसे परत मागितले तर समोरून उत्तर आलं की सर, तुमच्या नाकाला सवय नाही. मसालेवाल्याला हे सांगायला हिंमत लागते.

मागवायचा तर थंडीत मागवा. परफ्यूम ज्वालाग्राही, त्यामुळे पार्सल बहुधा विमानाने न येता रस्त्याने येतं आणि वाटेत दोन-चार दिवस तापतं.

सोलापुरातच, विजापूर वेशीत अत्तरवाल्याकडे असंच काही मिळेल का?

मित्सुको मिळणार नाही. "मित्सुको टाइप" म्हणून कुणी काही दिलं तर हसून परत करा. पण एक गोष्ट नक्की मागा: शमामा. कन्नौजकडचं अत्तर, डेग-भपक्यावर, म्हणजे भांड्यात वाफ करून ती थंड करत, काढलेलं, अनेक जडीबुटींचं मिळून. त्यात छरीला असतो, आणि छरीला म्हणजे आपलं दगडफूलच. चंदनाच्या तेलावर काढलेला खरा शमामा महाग असतो. स्वस्त मिळाला तर त्यात दुसरंच तेल आहे समजा. रमजानात तिथे अत्तराच्या बाटल्यांची रांग लागते तेव्हा दोन-तीन दुकानांत हुंगून फरक बघा.

तिथेच एक घोळ होतो तोही सांगतो. घरी गुरुवारी निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे लोबान, एक डिंक. अत्तरवाला ज्याला ऊद म्हणतो ते अगरूचं लाकूड. दोन्ही मागून बघा, तुमचं तुम्हालाच कळेल.

बाटली ठेवायची कुठे?

मूळ खोक्यात, लाकडी कपाटाच्या खालच्या फळीवर, आतल्या खोलीत. बाथरूममध्ये नाही, गच्चीखालच्या खोलीत नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या लोखंडी कपाटात तर अजिबात नाही. मे महिन्यात त्याचा पत्रा तव्यासारखा होतो. ऊन आणि उष्णता या दोन गोष्टी परफ्यूमला मारतात आणि आपल्याकडे दोन्ही फुकट मिळतात.

वर्षभर प्रयत्न करूनही आवडला नाही तर?

तर नाही आवडला. कुपी कुणाला तरी द्या. फक्त त्याआधी एकदा वेगळ्या हंगामात लावून बघितलाय ना, हे तपासा. उन्हाळ्यात नाकारलेला परफ्यूम मी उन्हाळ्याच्या निकालावर टाकून देत नाही.

तुमच्या दुकानात येऊन हुंगता येईल का?

या. कुपीत अजून थोडा शिल्लक आहे, आणि दगडफुलाचा डबा डावीकडच्या दुसऱ्या फळीवर असतो. मार्च ते मे मात्र येऊ नका. तेव्हा दिवसभर मिरची कांडप चालू असतं आणि आम्ही सगळेच शिंकत असतो. गड्डा झाल्यावर, एखाद्या सकाळी दहाच्या आत आलात तर कढई रिकामी असते.